प्रादेशिक गट पर्यावरण करारांमध्ये नक्की काय करतात, ते कसं शोधायचं (घोषणापत्रांवर न विसंबता)

हा विषय लिहायला मिळाला की बहुतेक जण काय करतात, तर एखाद्या गटाची वेबसाइट उघडतात, त्यातलं ताजं घोषणापत्र काढतात, "सदस्य देशांनी तीव्र चिंता व्यक्त केली" वगैरे दोन वाक्यं उचलतात आणि शेवटी लिहितात की जागतिक पर्यावरणाच्या कारभारात हा गट महत्त्वाची भूमिका बजावतो. मी पण हेच केलं होतं, पहिल्याच असाइनमेंटला, आणि सरांनी समासात लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं, "बजावतो म्हणजे काय करतो?" तेव्हा राग आला होता. पण नंतर जेवढं वाचलं ते सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधतच वाचलं, आणि तीच पद्धत इथे सांगतोय.

थोडक्यात, गट केवढा मोठा आहे, किती देशांचा आहे, याने फारसं काही ठरत नाही. सदस्य देशांनी स्वतःच्या हातातलं काहीतरी काढून गटाच्या हातात दिलंय का, हे बघायचं. सहीचा अधिकार दिलाय का, मत दिलंय का, पैसा दिलाय का, आणि कुणी ऐकलं नाही तर दटावायची सोय दिलीय का. काहीच दिलं नसेल तर तो गट म्हणजे नुसती फोटो काढायची जागा, मग त्याचं घोषणापत्र कितीही सुंदर असू दे.

पण त्याआधी एक गोंधळ निस्तरायला लागतो, कारण "गट" या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्या सर्रास एकत्र कालवतात. संयुक्त राष्ट्रांचे पाच प्रादेशिक गट आहेत (आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका-कॅरिबियन, आणि पश्चिम युरोप व इतर), ते मुख्यतः पदं वाटायला आणि यजमानपदाची पाळी लावायला. त्यांची पर्यावरणाबद्दल एक भूमिका असायलाच पाहिजे असं काही नाही, पण म्हणून ते बिनकामाचे नाहीत हां. २०२४ च्या हवामान परिषदेची पाळी पूर्व युरोप गटाची होती, गटात एकमत लागतं, रशियाने युरोपियन युनियनमधल्या देशांना अडवून धरलं, आर्मेनिया आणि अझरबैजानने पण एकमेकांना अडवलं, आणि शेवटी २०२३ च्या डिसेंबरात आर्मेनियाने माघार घेतल्यावर परिषद अझरबैजानच्या बाकूला गेली. जगाने कुठे जमायचं हेच अशा गटातल्या भांडणावर ठरलं!

दुसरा प्रकार म्हणजे वाटाघाटीपुरत्या केलेल्या युत्या. जी-७७ (विकसनशील देशांचा, नावात ७७, सदस्य १३४), छोट्या बेटांच्या ३९ देशांची युती, ब्राझील-दक्षिण आफ्रिका-भारत-चीन यांचा बेसिक. हे प्रादेशिक नाहीतच, कॅरिबियनचं बेट आणि पॅसिफिकचं बेट एकाच युतीत असतं कारण दोघांच्या पायाखाली एकच पाणी चढतंय. तिसरा प्रकार खऱ्या प्रादेशिक संघटना, म्हणजे युरोपियन युनियन, आफ्रिकन युनियन, आसियान (आग्नेय आशियाई देशांची), सार्क (दक्षिण आशियाची), पॅसिफिक आयलंड्स फोरम. आणि चौथा, ज्याकडे कुणी बघत नाही, तो म्हणजे एखादा समुद्र किंवा हवा वाटून घेणाऱ्या देशांचा करार. भूमध्य समुद्राचा १९७६ चा बार्सिलोना करार घ्या, त्यात इस्रायल आणि अरब देश, ग्रीस आणि तुर्कस्तान असे सगळे एका टेबलावर बसले, कारण घाण पाणी सगळ्यांच्याच किनाऱ्याला लागत होतं.

तर पहिलं काम हे, की एक देश निवडायचा आणि तो कुठकुठल्या टोप्या घालतो त्याची यादी करायची. पाकिस्तान २०२२ ला जी-७७ चा अध्यक्ष होता, त्याच वर्षी तिथे भयंकर पूर आला, आणि इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हवामानबदलाने होणाऱ्या हानी-नुकसानीच्या फंडाची मागणी त्याने विकसनशील देशांच्या वतीने रेटली. त्यात सार्कचा काही संबंध नव्हता. मालदीव बेटांच्या युतीत बसतो, भारत बेसिकमध्ये, बांगलादेश आणि नेपाळ अल्पविकसित देशांच्या गटात. म्हणजे "दक्षिण आशियाची भूमिका" असं वाक्य लिहायच्या आधी ती भूमिका कुठल्या खोलीत मांडली गेली ते बघा, बऱ्याचदा अशी खोलीच नसते.

यादी झाली की सही शोधायची. हे सगळ्यात सोपं काम आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. संयुक्त राष्ट्रांच्या करारांच्या ऑनलाइन संग्रहात बऱ्याचशा मोठ्या करारांच्या पक्षकारांची यादी असते, कुठल्या देशाने कधी सही केली, कधी मंजुरी दिली, काय अट घातली, सगळं (काही करारांची यादी त्यांच्या स्वतःच्या साइटवर असते). त्या यादीत देशांच्या नावांमध्ये गटाचं नाव आहे का बघा. युरोपियन युनियन हवामान करार, त्याखालचे क्योटो आणि पॅरिस, ओझोनचा मॉन्ट्रियल अशा कितीतरी ठिकाणी स्वतःच्या नावाने पक्षकार आहे. आसियान नाही, सार्क नाही, आफ्रिकन युनियन पण नाही. करारांमध्ये यासाठी एक खास कलम असतं, "प्रादेशिक आर्थिक एकात्मता संघटना" असा अवजड शब्द, म्हणजे ज्या संघटनेला सदस्यांनी त्या विषयातले कायदे करायचा अधिकार सोपवलाय तिलाच सही करता येते. त्यासोबत कोणता अधिकार युनियनकडे आणि कोणता देशांकडे याची एक घोषणा पण जोडलेली असते, ती जरूर वाचा, कंटाळवाणी आहे पण गटाला नक्की काय सोपवलंय ते तिच्यातच लिहिलेलं असतं.

आणि हे कलम नसेल तर काय होतं ते बघायचं असेल तर वन्यप्राण्यांच्या व्यापाराचा करार घ्या, सायटीस. तो १९७३ चा. त्यात सही फक्त देशांनाच करता येत होती. गटांनाही सही करता यावी असा बदल १९८३ ला बोट्सवानाच्या गाबोरोनमध्ये मंजूर झाला, तो लागू व्हायला २०१३ उजाडलं, आणि युरोपियन युनियन पक्षकार झाली २०१५ मध्ये. मधली ३० वर्षं युरोप आपल्या सीमांवर सायटीसचे नियम स्वतःच्या कायद्याने राबवत होता, पण करारात त्याला खुर्ची नव्हती. म्हणजे सही नसली म्हणून गट काहीच करत नाही असंही नाही, दोन्हीकडून तपासावं लागतं.

मग मत. इथे लोक हमखास चुकतात, समजतात की युनियनला एक जास्तीचं मत मिळतं. तसं नसतं. युनियन मत देते तेव्हा तिच्या मताची किंमत तितकीच, जितके तिचे सदस्य त्या करारात आहेत, म्हणजे आत्ता २७, आणि एखाद्या सदस्याने स्वतः मत दिलं तर युनियनला देता येत नाही. २७ किंवा शून्य, २८ कधीच नाही. आता यावर कुणी म्हणेल की हवामान परिषदेत मतदान होतंच कुठे, आणि ते बरोबर आहे, तिथे मतदानाचा नियम आजपर्यंत मंजूरच झालेला नाही, सगळं एकमताने चालतं, त्यामुळे २७ मतांचा तिथे तसा उपयोग नाही, तिथे उपयोग होतो तो आपल्यासोबत किती जणांना ओढून आणता त्याचा. पण सायटीसमध्ये खरंखुरं मतदान होतं, दोन-तृतीयांश लागतात, आणि तिथे २७ मतांचा गठ्ठा एका बाजूला पडला की प्रस्ताव तरतो किंवा बुडतो. म्हणून प्रत्येक कराराचे कामकाजाचे नियम वेगळे काढून बघा. एका करारातलं निरीक्षण दुसऱ्याला चिकटवू नका.

मंजुरीच्या बाबतीत एक छान उदाहरण आहे. पॅरिस करार लागू व्हायला ५५ देश आणि जगाचं ५५ टक्के उत्सर्जन अशा दोन अटी होत्या. युरोपची नेहमीची पद्धत म्हणजे सगळ्या सदस्यांच्या संसदांची मंजुरी झाली की एकत्र कागद द्यायचे, पण २०१६ ला अमेरिका आणि चीन पुढे निघून गेले आणि युरोप मागे राहतोय म्हटल्यावर त्यांनी घाईघाईने ठरवलं की थांबायचं नाही. ५ ऑक्टोबरला युनियनने आणि त्यातल्या ७ देशांनी कागद दिले, दुसरी अट त्या दिवशी पार झाली, आणि ४ नोव्हेंबरला करार लागू. मजा अशी की मोजताना युनियनचं म्हणून उत्सर्जन धरलंच नाही, त्या ७ देशांचंच धरलं. आता "युरोपने करार लागू केला" हे वाक्य किती खरं आणि किती खोटं ते तुम्हीच ठरवा, पण लिहिताना हा तपशील असला तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही बातमीच्या मथळ्यावर थांबला नाहीत.

पुढचं काम म्हणजे गटाच्या आत डोकावायचं. बाहेर एक आकडा सांगितला जातो, आत तो कसा वाटला जातो? क्योटोमध्ये तेव्हाच्या १५ देशांच्या युरोपने मिळून १९९० च्या तुलनेत ८ टक्के कपातीचं वचन दिलं. आतलं वाटप मात्र असं होतं की लक्झेंबर्गने २८ टक्के कमी करायचं, जर्मनी आणि डेन्मार्कने २१ टक्के, फ्रान्सने आहे तेवढंच ठेवायचं, आणि स्पेनला १५, ग्रीसला २५, पोर्तुगालला तर २७ टक्के वाढवायची मुभा! एकत्र कुटुंबात कमावता जास्त देतो आणि शिकणारा कमी, तसला प्रकार. माझ्या मते गटांच्या सगळ्या भूमिकांमधली सगळ्यात मोलाची ही आहे, कारण जागतिक टेबलावर "कुणी किती" हा प्रश्न ३० वर्षं सुटला नाहीये आणि इथे १५ जणांनी तो आपसात सोडवून दाखवला. अर्थात त्यांच्याकडे वाटपाला कायद्याचा आधार होता आणि आपसात द्यायला-घ्यायला इतर हजार विषय होते, हे पण लिहायचं.

आता कागद आणि दात यातला फरक, इथे जरा वेळ द्या. आसियानचा धुराचा करार हे उदाहरण मी कुणालाही पहिलं देतो. इंडोनेशियात शेतजमीन साफ करायला आगी लावतात, पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) जमीन महिनोन्महिने धुमसते, धूर सिंगापूर आणि मलेशियात जातो. १९९७ ला फार मोठं संकट झालं, २००२ ला क्वालालंपूरमध्ये करार झाला, २००३ ला लागू झाला. आणि ज्याच्या जमिनीवर आगी लागत होत्या त्या इंडोनेशियाने मंजुरी दिली २०१४ मध्ये. म्हणजे दहा-अकरा वर्षं आग विझवायचा करार लागू होता पण आगवाला घरमालक त्यात नव्हता. मंजुरीनंतरच्या वर्षी, २०१५ ला, पुन्हा भयंकर धूर. करारात न पाळणाऱ्याला दंड नाही, वाद झाला तर सलोख्याने चर्चा करून मिटवायचा एवढंच. कारण आसियानचा पायाच एकमेकांच्या अंतर्गत कारभारात नाक न खुपसण्याचा आहे. सिंगापूरने शेवटी कंटाळून २०१४ ला स्वतःचा कायदा केला, धूर करणारी कंपनी परदेशात असली तरी दंड, दिवसाला १ लाख सिंगापूर डॉलरपर्यंत. पण याचा अर्थ करार वाया गेला असं लगेच लिहू नका, त्याच्यामुळे इशारे देण्याची, माहिती वाटून घेण्याची एक सवय लागली. दात नाहीत, पण कान आहेत, असं म्हणता येईल.

याच्या उलट्या टोकाला आफ्रिकेचा बामाको करार. १९८८ ला नायजेरियातल्या कोको बंदराजवळ इटलीतून आलेला विषारी कचरा सापडला, आफ्रिकेत संताप उसळला. १९८९ ला जगाने बासेल करार केला पण त्यात बंदी नव्हती, आधी कळवा आणि परवानगी घ्या एवढंच. आफ्रिकन देश म्हणाले हे चालणार नाही, आणि १९९१ ला मालीतल्या बामाकोमध्ये स्वतःचा करार केला, घातक कचरा खंडात आणायला सरळ बंदी, किरणोत्सर्गी पण. जगाच्या करारापेक्षा प्रादेशिक करार कडक! आणि बासेलमध्येही श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे जाणाऱ्या कचऱ्यावर बंदीची दुरुस्ती १९९५ ला मंजूर झाली, लागू व्हायला २०१९ चा डिसेंबर लागला. हे वाचून भारावून जाऊ नका. बामाको करार लागू झाला १९९८ ला, पण पक्षकारांची पहिली बैठकच २०१३ ला भरली, आणि मधे २००६ ला आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात, म्हणजे बामाकोच्या एका सदस्याकडेच, जहाजातून आलेला विषारी कचरा ठिकठिकाणी ओतला गेला. कडक शब्द, पण तेव्हा चालतं सचिवालय नव्हतं, पैसा नव्हता, तपासणी नव्हती. म्हणून म्हणतो, कराराचा मजकूर वाचून झाला की लगेच बैठकांच्या तारखा आणि बजेट शोधा. बैठकाच होत नसतील तर पुढचं वाचायची गरज नाही.

गटाची ताकद बाहेर कशी लागते हे बघायचं तर बाजारपेठ बघा. युरोपने २००५ ला कार्बनचा बाजार (जेवढं उत्सर्जन तेवढे परवाने लागतात, ते विकत घेता-विकता येतात) सुरू केला आणि २०१२ पासून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या विमानांना, परदेशी कंपन्यांनाही, तो लावायचा ठरवला. आरडाओरडा झाला, अमेरिकेने विरोधात कायदाच केला, चीनने आपल्या कंपन्यांना पाळू नका म्हणून सांगितलं, भारत, रशिया सगळे एकत्र. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपने माघार घेतली, नियम युरोपातल्या आतल्या उड्डाणांपुरता ठेवला. हरला? २०१६ ला जागतिक विमान संघटनेने विमानांच्या उत्सर्जनासाठी स्वतःची योजना मंजूर केली, जी आधी वर्षानुवर्षं रेंगाळत होती. ती योजना तशी मिळमिळीतच आहे, पण धमकी नसती तर तीही झाली नसती असं मला वाटतं. आता तोच खेळ सीमेवरच्या कार्बन शुल्काने चालू आहे, बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खतं, वीज, हायड्रोजन यांवर, ऑक्टोबर २०२३ पासून नुसता हिशोब आणि २०२६ पासूनच्या आयातीवर खरं शुल्क. यात एक बारीक कलम आहे की मालाच्या मूळ देशात कार्बनचे पैसे भरले असतील तर ते वजा होतात. म्हणजे दुसऱ्या देशाला सांगितलं जातंय, कर तुम्ही घ्या नाहीतर आम्ही घेतो. बेसिकतर्फे चीनने बाकूच्या परिषदेत हा विषय अजेंड्यावर घ्यायचा आग्रह धरला, पहिल्याच दिवशी कामकाज त्यावर अडकलं. हे पर्यावरण आहे की संरक्षित व्यापार, यावर दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत, तुमचं मत काहीही असू दे, दोन्ही लिहा.

ज्यांच्याकडे बाजारही नाही आणि पैसाही नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी एकच युक्ती, एक शब्द पकडायचा आणि तो कुठल्या वर्षी कुठे पोचला याचा माग काढायचा. वाटाघाटींचा रोजचा गोषवारा देणारं अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन १९९२ पासून निघतंय, फुकट आहे. त्यात आणि मसुद्यांमध्ये शोधायचं. मसुद्यात ज्यावर एकमत नाही तो मजकूर चौकटी कंसात असतो, शब्द कंसात कधी आला, कंसातून बाहेर कधी पडला, गायब कधी झाला, एवढं टिपलं तरी अर्धा लेख तयार. "हानी आणि नुकसान" (लॉस अँड डॅमेज) हा शब्द घ्या. १९९१ ला, हवामान करार व्हायच्याही आधी, वानुआतूने बेटांच्या वतीने समुद्र चढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी विम्यासारखा फंड मागितला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१३ ला वॉर्सामध्ये एक यंत्रणा झाली, पैशाशिवाय. २०१५ ला पॅरिस करारात स्वतंत्र कलम मिळालं पण सोबतच्या ठरावात लिहून घेतलं की यावरून भरपाईचा दावा करता येणार नाही. २०२२ ला फंड मंजूर, २०२३ ला दुबईत सुरू. ३० वर्षांच्या वर! मधल्या काळात मंत्री बदलले, सरकारं बदलली, शब्द तोच. तापमानवाढीच्या दीड अंशाच्या मर्यादेचा मागही असाच काढता येतो, तो तुम्ही स्वतः काढून बघा, सरावाला बरा आहे.

एक छोटी गोष्ट, जिच्यावर एक वेगळा लेख होईल. कधी कधी प्रादेशिक करार हा जागतिक कराराचा कच्चा खर्डा असतो. युरोप-उत्तर अमेरिकेचा सीमेपार हवाप्रदूषणाचा करार १९७९ चा, त्याखाली न विघटणाऱ्या रसायनांवर १९९८ ला प्रोटोकॉल झाला, २००१ ला त्याच विषयावर स्टॉकहोमचा जागतिक करार. जड धातूंचा पण १९९८ चा, आणि पाऱ्याचा जागतिक मिनामाता करार २०१३ चा. तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघायची सवय लावा.

आणि गप्प बसलेले गट विसरू नका. सार्कच्या सनदेतच लिहिलंय की निर्णय एकमताने आणि द्विपक्षीय, वादग्रस्त विषय चर्चेतच घ्यायचे नाहीत. २०१० ला थिंपूत हवामानावर शिखर परिषद झाली, निवेदन निघालं, पर्यावरण सहकार्याचा करार पण झाला. २०१४ नंतर शिखर परिषदच भरलेली नाही. तर २०१० च्या कागदावरून २०२० नंतरचं काही सिद्ध करायला जाऊ नका. ताकदवान गटही कधी बाहेर राहतात, २००९ ला कोपनहेगनमध्ये शेवटचा सौदा अमेरिका आणि बेसिकच्या नेत्यांमध्ये ठरला तेव्हा यजमान खंडाचा गट त्या खोलीत नव्हता.

लिहून झालं की एक करा. फाइलमध्ये "महत्त्वाची भूमिका" हे दोन शब्द सर्च करा आणि जिथे जिथे सापडतील तिथे खरं क्रियापद घाला, अडवलं, वाटून घेतलं, पैसे दिले, शब्द घुसवला, तारीख पुढे ढकलली, जे झालं असेल ते. क्रियापद सुचलं नाही तर ते वाक्य उडवा. माझ्या त्या पहिल्या असाइनमेंटमध्ये असं केलं असतं तर पाच पानांची दीड पान झाली असती.